मातृभाषेचा रकाना आणि घरातली भाषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या संस्थेने परमुलखात पन्नास वर्षे मराठी दिवा तेवत ठेवला, तिच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आम्हांला मिळाला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचा अधिकार मात्र फार थोडा आहे. आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे, साहित्यिक तर नव्हेच. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि तक्ते व विवरणपत्रे भरण्यात आणि भरून घेण्यात उमेदीची वर्षे खर्ची पडली. तेव्हा आमच्या परिचयाच्या एका वस्तूपासूनच आरंभ करतो. ती वस्तू म्हणजे रकाना.

२०११ सालच्या जनगणनेची गोष्ट. प्रगणक म्हणून एक शिक्षक आमच्या घरी आले होते. घरात आम्ही, सौभाग्यवती, दोन मुले आणि आमची आई अशी पाच माणसे. मातृभाषेच्या रकान्याशी येताच आम्ही मोठ्या ठसक्यात सांगितले, "पाँचों की मराठी." गुरुजींनी पाच वेळा मराठी लिहिले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आमच्या दोन्ही मुलांचे भांडण ऐकू आले. ते भांडण अस्खलित हिंदीत चालले होते. गुरुजींनी एकदा आतल्या दाराकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता पुढचा प्रश्न विचारला. त्या सज्जन माणसाचे ते न बोलणे आम्हांला आजतागायत बोचत आहे.

आम्ही खोटी माहिती दिली होती काय? नियमाने पाहिले तर मुळीच नाही. आपल्या जनगणनेची व्याख्या अशी आहे की, माणसाच्या बालपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलत असे ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर त्या काळी घरात मुख्यतः जी बोलली जात असे ती धरावी. म्हणजे हा रकाना माणसाचा भूतकाळ विचारतो. आज तो घरात कोणती भाषा बोलतो, हे विचारीत नाही. त्यानंतर मातृभाषेखेरीज येणाऱ्या दोन भाषा, प्रावीण्याच्या क्रमाने, लिहून घेतल्या जातात. त्या लिहितावाचता आल्याच पाहिजेत असेही नाही. समजून बोलता आल्या म्हणजे पुरे. किती चांगल्या येतात, याची नोंद कोठेच होत नाही.

नेहमीच असे होते असे नाही. इंग्रजी अमदानीतील १९०१, १९११ आणि १९२१ सालच्या खानेसुमारीत, सर्वसाधारणपणे वापरात असलेली भाषा कोणती, असाच प्रश्न होता. १९३१ साली मातृभाषा हा शब्द परत आला. इतर देशांत मात्र हे प्रश्न वेगवेगळे विचारतात. कॅनडात मातृभाषा म्हणजे बालपणी घरात प्रथम शिकलेली आणि अजूनही समजणारी भाषा. "अजूनही समजणारी" ही अट आपल्याकडे नाही. शिवाय घरात सर्वांत जास्त कोणती भाषा बोलता, हा निराळा प्रश्न तेथे १९७१ पासून आहे. अमेरिकेत १९८० पासून पाच वर्षांवरील प्रत्येकाविषयी विचारतात, की घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता काय. बोलत असल्यास कोणती. आणि इंग्रजी किती चांगले बोलता: फार चांगले, चांगले, फारसे चांगले नाही, की मुळीच नाही. या उत्तरांवरून मतदानाची पत्रके कोणत्या भाषांत छापावयाची यासारखे निर्णय घेतले जातात. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे तिकडे आहेत. त्यांच्या घरी हा कागद येतो तेव्हा त्यांना आपल्या घराकडे पाहून उत्तर द्यावे लागते. आपण येथे केवळ आपल्या आईकडे पाहून उत्तर देतो.

आता आपल्या रायपूरकडे वळू. आपण येथे उपरे नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या छत्तीसगडावर अठराव्या शतकाच्या मध्यास बसला. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत होते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्याची राजधानी नागपूर, आणि मराठी व हिंदी या त्याच्या दोन प्रमुख भाषा. कचेरी, शाळा, वकिली आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत मराठी बोलण्यासाठी मंडळाची गरज नव्हती. ओसरीवर बसले तरी पुरे होते. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि आणखी एक पिढी या बाजूला आली.

परंतु त्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, एक मोठा बदल होऊन गेला होता. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. कालपर्यंत जी प्रांताची एक भाषा होती, ती रायपुरात एका रात्रीत अल्पसंख्याकांची भाषा झाली. घरे तीच, माणसे तीच, परंतु दाराबाहेरचे जग बदलले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानीचे शहर बनले. २०११ च्या गणनेत त्याची वस्ती दहा लाखांवर गेलेली होती. एवढ्या विस्तारलेल्या शहरात मराठी घरे विखुरली, आणि शेजारी मराठी असणे हा योगायोग झाला.

या विखुरलेल्या घरांत काय घडते, ते आपण सारे जाणतो. आजोबा-आजी एकमेकांशी मराठी बोलतात. आईवडील आजीशी मराठी बोलतात, एकमेकांशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मुले आईवडिलांचे मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. आपापसांत हिंदी, आणि शाळेच्या वह्यांत इंग्रजी. या मुलांचे मराठी ऐकले म्हणजे हसूही येते आणि वाईटही वाटते. मंडळाच्याच एका कार्यक्रमात एका चुणचुणीत मुलीने भाषण केले: "मी मराठी बोलण्याची चेष्टा करते, कारण मला मराठीची शिक्षा मिळाली नाही." सभागृहात हशा पिकला. ती बिचारी गोंधळली. तिच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. तिने मनापासून प्रयत्न केला होता, आणि आपण खरोखरीच तिची चेष्टा केली, मराठी अर्थाने. त्यानंतर ती व्यासपीठावर मराठीत बोलल्याचे आम्हांला आठवत नाही.

तथापि दुसऱ्याच्या मुलीची गोष्ट सांगून आम्ही स्वतः सुटू इच्छीत नाही. आमची आई वर्धा जिल्ह्यातली. शेवटची काही वर्षे ती अंथरुणालाच खिळली होती. रात्री तिच्यापाशी आमचा मुलगा झोपत असे. एका थंडीच्या रात्री तिने त्याला म्हटले, "बाळा, दार जरा लोटून घे, आणि पायांवर पांघरूण घाल." मुलगा उठला आणि नुसताच उभा राहिला. लोटणे त्याला ठाऊक नव्हते आणि पांघरूणही नव्हते. तो चादर म्हणत असे. तो आमच्या खोलीत येऊन म्हणाला, "पापा, आजी क्या बोल रही है?"

आम्ही उठून दार लोटले, पांघरूण घातले. आई काही बोलली नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून ती नातवाशी हिंदीत बोलू लागली. तिला हिंदी धड येत नव्हते. लिंग चुके, क्रियापद चुके, शब्दासाठी अडे. आणि जे शब्दांत सापडत नसे ते ती सांगतच नसे. आयुष्यभर म्हणी आणि ओव्यांतून बोललेली ती बाई नातवापाशी चार-सहा वाक्यांवर आली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला आपली भाषा बदलावी लागली, कारण आम्ही धडधाकट माणसांनी मुलांना ती शिकविण्याचे कष्ट घेतले नव्हते. जनगणनेच्या कागदावर त्या घरातील पाचही माणसे मराठीच होती.

असे का झाले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. हिंदीला दोष देता येत नाही. हिंदी येथील व्यवहाराची भाषा आहे आणि तिने आपल्याला पोटाशी धरले आहे. खरे कारण आमच्या मनातली भीती. बदलीच्या नोकरीत मुले केंद्रीय विद्यालयात गेली. तेथे हिंदी आणि इंग्रजी ही माध्यमे. मुलांचे इंग्रजी कच्चे राहू नये म्हणून आम्ही घरी त्यांच्याशी मोडके इंग्रजी बोललो, अभ्यास समजावा म्हणून हिंदी बोललो, आणि मराठी सुटीच्या दिवसासाठी राखून ठेवली. तिसऱ्या भाषेचे ओझे नको, असे आम्हांला वाटले. आपल्यापैकी बहुतेकांना असेच वाटत आले असावे.

इंग्रजीची ओढ चुकीची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःची पदोन्नती इंग्रजी टिपणांवर मिळविलेल्या माणसाने तसे म्हणणे हा ढोंगीपणा होईल. २०११ च्या गणनेत संपूर्ण भारतात इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे दोन लाख साठ हजारांच्या आतच होते. परंतु पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असे सांगणारे सुमारे तेरा कोटी होते. म्हणजे या देशात इंग्रजी जाणणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ते दुसऱ्या भाषेच्या घरात राहून शिकला आहे. खुद्द छत्तीसगड सरकारने २०२० पासून स्वामी आत्मानंदांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा काढल्या. ही गरज खरी आहे. प्रश्न एवढाच की, इंग्रजीसाठी घरातली मराठी काढून टाकणे आवश्यक आहे काय?

अनुभव तर उलट सांगतो. कॅनडातील माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले एकभाषी मुलांपेक्षा बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडतील अशी समजूत होती. प्रत्यक्षात ती पुढे निघाली. आणि माँट्रियलला तरी कशाला जावयाचे? चौतीस भाषांचे पंडित म्हणून गाजलेले हरिनाथ डे बालपणी याच रायपुरात वाढले. घरी बंगाली, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी. त्यांना एकही भाषा जड झाली नाही. आम्हा सरकारी नोकरांचे आदर्श चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले आणि आपल्या याच मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी सेवा केली. त्यांच्या इंग्रजीपुढे इंग्रज अधिकारी आदराने थांबत, आणि त्याच देशमुखांनी मेघदूत मराठीत आणले.

घरातली मराठी राखून बाहेरची भाषा जिंकणारी माणसे तर आपल्या अंगणातलीच आहेत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून "छत्तीसगढ मित्र" हे हिंदी मासिक काढले. हिंदी गद्याच्या उभारणीत त्यांचे नाव आज अग्रभागी घेतले जाते. त्यांची मायबोली मराठी होती, आणि दासबोध व गीतारहस्य हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले ते त्यांच्या हातून. मराठी विसरले असते तर हे कार्य त्यांच्याकडून झाले नसते. १९२६ साली रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. दुसरे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. थोरले गजानन माधव राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत आणि ते हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले. धाकटे शरच्चंद्र नागपुरास राहून मराठीचे मान्यवर कवी-कादंबरीकार झाले, आणि १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना दोन मुक्तिबोध मिळाले.

येथे आणखी एका भाषेचे स्मरण केले पाहिजे. जिच्या मातीत आपण राहतो ती छत्तीसगढी. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली तिचे व्याकरण लिहिले आणि ग्रियर्सनने ते इंग्रजीत नेले. २०११ साली एक कोटी बासष्ट लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली; तक्त्यात मात्र ती हिंदीच्या पोटात मोजली गेली. २००७ साली तिला राज्यात राजभाषेचा मान मिळाला, तरी शहरातील छत्तीसगढी आईबाप मुलांशी हिंदीच बोलतात. आपल्या कामवाल्या बाई घरच्या मुलांविषयी जी खंत सांगतात, ती आपलीच खंत आहे. आपला पोळा आणि त्यांचा पोरा एकाच अमावास्येला येतो. दुःखही एकाच जातीचे आहे. तेव्हा मराठीचा आग्रह धरताना शेजारणीच्या बोलीचा उपमर्द आपल्याकडून कधी होऊ नये.

आता करावयाचे काय? राज्यघटनेच्या ३५० क या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असली तर शिक्षक द्यावा, असेही ठरविले होते. परंतु आज आपल्यापैकी किती जण मराठी माध्यमाची मागणी करतील? प्रामाणिक उत्तर आपणच द्यावे. शाळेवर भार टाकता येत नसेल तर तो घराने आणि मंडळाने उचलावा लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपण आनंद केला, पेढेही वाटले. तो मान जुन्या ग्रंथांना मिळाला. पांघरूण हा शब्द वाचविणे सरकारच्या हातात नाही.

म्हणून आमची पहिली सूचना रकान्याचीच आहे. मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या सभासद-कुटुंबांची स्वतःची गणना करावी. एका कागदावर थोडेच प्रश्न असावेत. आजी नातवाशी कोणती भाषा बोलते आणि नातू तिला कोणत्या भाषेत उत्तर देतो? नवराबायको आपसांत काय बोलतात? भावंडे काय बोलतात? मराठी समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही गोष्टी फार चांगल्या, चांगल्या, जेमतेम, की मुळीच नाहीत? आणि शेजारच्या रकान्यात हेच प्रश्न हिंदी व इंग्रजीविषयी. उत्तरे घरातील सर्वांत लहान मुलाने वाचून दाखवावीत, म्हणजे कोणी फुगवून सांगणार नाही. दर पाच वर्षांनी ही गणना पुन्हा व्हावी. सरकारी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झालेली आहे. मातृभाषेच्या रकान्यात आपण मराठी लिहूच. ते लिहिताना मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी आपली गणना आधी व्हावी.

दुसरी सूचना घराची. रात्रीचे जेवण मराठीत व्हावे, एवढा एकच नियम करावा. मूल हिंदीत बोलले तरी मोठ्यांनी उत्तर मराठीतच द्यावे. आणि मूल चुकले तर हसू नये. ज्या दिवशी आपण हसतो, त्या दिवशी ते मूल हिंदीच्या सुरक्षित छायेत परत जाते.

तिसरी सूचना मंडळाच्या रविवारच्या वर्गाची. अमेरिकेतील मराठी मुलांना बाराखडीपासून आरंभ करावा लागतो. आपल्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी आधीच येते. ळ आणि वऱ्हाडातला अर्धा र एवढे दोन अनोळखी पाहुणे ओळखीचे करून दिले की, पहिल्याच रविवारी मूल मराठी पुस्तक उघडू शकते. इतकी मोठी सवलत असताना आपण ती फुकट घालवीत आहोत. वर्गाला आजी-आजोबांनी यावे, आणि प्रत्येकाने दर खेपेस घरातली पाच जुनी वस्तुनामे आणावीत. पाठ्यपुस्तक त्यातूनच तयार होईल.

या सूचना लहान आहेत, हे आम्ही जाणतो. २०११ च्या गणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, त्यांपैकी पन्नास लाखांहून अधिक महाराष्ट्राबाहेर. रायपुरातील काही घरांनी मराठी सोडली तर त्या आठ कोटींत काही उणे दिसणार नाही. उणे पडेल ते त्या घरांतल्या आजीला आणि नातवाला.

आमचा मुलगा आता नोकरीला लागला आहे. त्याचे इंग्रजी उत्तम आहे, त्याबद्दल आम्हांला समाधान वाटते. गेल्या हिवाळ्यात तो घरी आला होता. रात्री आम्ही झोपायच्या तयारीत असताना तो दाराशी येऊन म्हणाला, "बाबा, दार लोटू का?" एवढे एक वाक्य त्याने कोठून तरी जपून ठेवले होते. ज्यांच्यासाठी ते शिकायला हवे होते, त्यांच्या कानी ते पडले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून आजी आहे, त्यांनी आजच रात्री आरंभ करावा, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.